बाळाबाईची दहा मुंडकी

सोमवारच्या बाजारात बाळाबाईचा आवाज आधी पोचायचा, मेंढरं मागून यायची. कोडोलीजवळच्या वाडीतून ती टेम्पोच्या हौद्यात मेंढरांबरोबर उभी राहून यायची. फाटकातून आत शिरायच्या आधीच तिचं कुणाशी तरी वाजलेलं असायचं, पावती फाडणाऱ्याशी नाहीतर वाटेत मोटरसायकल आडवी लावणाऱ्याशी. दलाल एकमेकांकडं बघून मान हलवायचे. आली.

ती बाजारात आली ती नवऱ्याच्या कृपेनं. गुंडू मेंढरं राखायला जितका हुशार तितकाच विकायला नालायक. कुठल्या मेंढीचं पोट संध्याकाळी फुगणार हे त्याला दुपारीच कळायचं, पण समोरच्या माणसाला ‘न्हाय’ कसं म्हणायचं हे साठी उलटली तरी जमलेलं नाही. त्यातून जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि दलाल एकमेकांचा हात हातात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात. बघणाऱ्याला नुसता टॉवेल हललेला दिसतो. गुंडूचा हात एकदा टॉवेलखाली गेला की दलालाला हवा तोच आकडा घेऊन बाहेर यायचा. एका वर्षी त्यानं अकरा कोकरं विकली, आठांचे पैसे आणले आणि वर एक लाल प्लास्टिकचा थर्मास आणला.

“मौलालीभाईनं आपणहून दिला,” गुंडू कौतुकानं म्हणाला.

पुढच्या सोमवारी थर्मास काखोटीला मारून बाळाबाई स्वतः बाजारात हजर झाली. मौलाली तेव्हा नवा दलाल होता. पांढरा सदरा, खांद्यावर चौकड्याचा टॉवेल, कानात अत्तराचा फाया. बाळाबाईनं थर्मास त्याच्या पायाशी ठेवला आणि सरळ हात पुढं केला.

“टाका टॉवेल.”

मौलालीचा चेहरा उतरला. तीन-चारशे पुरुष बघतायत आणि परक्या बाईची बोटं टॉवेलखाली धरायची! “वैनी, गुंडूभाऊंना पाठवा की. बाजाराची रीत हाय ही.”

“त्यांस्नी न्हाय पाठवायचं. हात धरायची लाज वाटत आसंल तर तोंडानं बोला. तोंड तर हाय न्हवं?”

मौलालीनं इकडंतिकडं बघून हळूच आकडा सांगितला. बाळाबाईनं तो आकडा अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला आणि पुढं विचारलं, “मौलालीभाई एवढं म्हणत्यात, कोण जास्ती बोलतंय?” कोल्हापूरचा एक खाटीक हसत हसत शंभर रुपये वर गेला. दुसऱ्याला ते सहन झालं नाही, तो दीडशेनं गेला. अर्ध्या तासात कोकरं खपली आणि त्या बाजारातला पहिला उघडा लिलाव कुठलाही ठराव, समिती किंवा उद्घाटन न होता पार पडला.

त्यानंतर तीस वर्षं बाळाबाईची मेंढरं तोंडानंच विकली गेली. इतर मेंढपाळ सौदा करायच्या आधी तिच्याकडं येऊन उभे राहायचे. इथला आकडा ऐकायचा आणि मग टॉवेलखाली जायचं. दलालांनी वैतागून तिला मुतारीजवळची जागा दिली. चार आठवड्यांत गिऱ्हाईकं नाकाला रुमाल लावून तिथं यायला लागली.

म्हणून बाळाबाई काही सत्याची पुतळी होती असं कुणी समजू नये. बाजाराच्या दिवशी सकाळी ती कोकरांना मूठभर मीठ घातलेली पेंड चारायची आणि बाजाराच्या हौदावर नेऊन पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी पाजायची. मौलालीला ते ठाऊक होतं. मौलाली व्यापाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून अशी दोन्हीकडून दलाली खातो हे तिला ठाऊक होतं. या पायावर दोघांचा तीस वर्षांचा व्यवहार खणखणीत चालला होता.

बिघाड झाला तो पोरामुळं. अमरसिंह चौतीस वर्षांचा झाला तरी लग्न जमत नव्हतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, गोठ्याकडं बघायचे. “मुलगा काय करतो?” “मेंढरं हायती, तीस गुंठं ऊस हाय.” मग पाहुण्यांपैकी एखादा मामा घसा खाकरायचा आणि पोह्यांना चव छान होती म्हणायचा. अमरसिंहानं केस रंगवून बघितले, गाडीवर मोठ्या अक्षरात नाव घालून बघितलं, एका तरुण मंडळाचा उपाध्यक्षही झाला. उपाध्यक्ष गावात अकरा होते.

तशात ‘रानथेट फूड्स’ नावाची कंपनी आली. महामार्गाच्या कडेला हिचा मोठा चकचकीत पत्र्याचा कारखाना. एका बाजूनं जिवंत जनावर आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं मटण थंडगार पाकिटातून बाहेर यायचं. कंपनीनं तीन दिवसांचं शिबिर घेतलं. अमरसिंह तिथून एक टोपी, एक प्रमाणपत्र आणि पाचशे व्हिजिटिंग कार्डं घेऊन आला. कार्डावर होतं, ‘अमरसिंह गुंडू, क्लस्टर लीड, पन्हाळा (पूर्व)’. पन्हाळा (पूर्व) म्हणजे नेमकं काय हे त्याला विचारलं तर तो म्हणाला, “सध्या आपलीच मेंढरं.”

मग कंपनीचे साहेब घरी आले. आदर्श नाव, पुण्याचे, वय सत्तावीस. त्यांनी सोप्यात लॅपटॉप उघडला. एका चित्रात बाजार होता, तो काळपट रंगात. दुसऱ्या चित्रात कंपनी होती, ती हिरवी.

“मावशी, बाजारात तुमचं शोषण होतं,” आदर्श म्हणाला. “तिथं अंदाजानं भाव करतात. आमच्याकडं पारदर्शकता आहे. दलाल नाही, वाहतूक नाही, विकलं नाही म्हणून परत आणायची कटकट नाही. सोललेल्या मटणाचं जेवढं वजन, तेवढे पैसे थेट खात्यात. शिवाय प्रत्येक पाकिटावर शेतकऱ्याचा फोटो. गिऱ्हाईकानं मोबाइल धरला की कळतं, हे मटण कुणाच्या मेंढराचं.”

“गिऱ्हाईकाला माझं त्वांड बघून भूक लागंल व्हय?” बाळाबाईनं विचारलं.

गुंडूला चित्रं फार आवडली. अमरसिंह आईच्या मागं लागला. क्लस्टर लीडच्या घरचीच मेंढरं बाजारात गेली तर कार्डाला काय अर्थ राहिला? बिद्रीकडच्या एका स्थळानं तर कार्ड बघून दुसऱ्यांदा निरोप पाठवला होता. ‘मीट सप्लाय चेनमध्ये आहेत’ असं अमरसिंहानं त्यांना कळवलं होतं आणि त्यांना ते मेंढरं राखण्यापेक्षा पुष्कळ वेगळं वाटलं होतं. पोराच्या लग्नापुढं बाळाबाई हरली, पण अर्धीच. तिनं वीस कोकरं काढली. एकेक उचलून दोन्ही हातांवर तोलून बघितलं आणि सारख्याला सारखं लावून दहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतलं एक कंपनीला, एक बाजाराला. “बगूया कोण किती खरं बोलतंय,” ती म्हणाली.

ही बातमी बाजारात गेली तसा मौलाली पहिल्यांदाच तिच्या घरी आला. आता दाढी पांढरी, गुडघे दुखणारे. “वैनी, तुमी बाजार सोडू नका. तुमचा आकडा ऐकून तर बाजार चालतोय.”

“तीस वर्सं मुतारीपाशी हुबी केली तवा न्हाई सांगितलं ते!”

मौलाली चहा पिऊन गेला.

कंपनीची गाडी आली त्या सकाळीही बाळाबाईनं सवयीनं कोकरांना मिठाची पेंड चारली. कंपनीनं कोकरं कापण्याआधी अठरा तास उपाशी ठेवली. बाळाबाईचं मीठ आणि पेंड कंपनीच्या कोंडवाड्यात लेंड्या होऊन पडली. वजनाला त्याचा दमडीचा उपयोग झाला नाही. हे तिनं नंतर कुणालाही सांगितलं नाही, गुंडूला तर नाहीच.

सोमवारी बाजारातल्या दहा कोकरांना जे मिळालं, त्याहून कंपनीचे पैसे थोडे जास्त निघाले. अमरसिंह दोन दिवस गावातून छाती काढून फिरला. तिसऱ्या दिवशी कंपनीचा कागद आला आणि चौथीपर्यंत शिकलेली बाळाबाई उंबऱ्यावर बसून बोट लावून तो वाचायला लागली. प्रत्येक कोकरापुढं आकडा होता, तोही असा तसा नाही. अकरा किलो चारशे पस्तीस ग्रॅम. दहा किलो नऊशे पाच ग्रॅम.

“शव-वजन म्हंजे काय रं?”

“म्हंजे सोललेलं, आई. मुंडी, पाय, कातडं, आतडी सोडून.”

“आनि ती सोडलेली कुठं गेली?”

अमरसिंहानं शिबिराच्या वह्या आठवून बघितल्या. तीन दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. “त्याला बाय-प्रॉडक्ट म्हणत्यात,” तो म्हणाला.

कोल्हापुरात मुंडीला बाय-प्रॉडक्ट म्हणणारा माणूस एक तर परगावचा असतो नाहीतर पगारी. इथं रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात मुंडी आणि पायांसाठी वशिले लागतात. रक्ती आणि वजडी कुणाला मिळाली नि कुणाला नाही यावरून शेजाऱ्यांची बोलणी बंद होतात. बाजारातला खाटीक कोकराची किंमत करताना मुंडीपासून शेपटापर्यंत सगळं मनात भाजून, शिजवून बघूनच आकडा बोलतो. बाळाबाईनं करारनामा मागून घेतला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की कंपनी जनावराचं शव-वजन खरेदी करील. तिनं ती ओळ तीनदा वाचली.

“म्हंजे बाकीचं त्येनी खरेदी केल्यालंच न्हाई,” ती म्हणाली. “माजंच हाय ते. गाडी काढ.”

“आई, माझी नोकरी—”

“पगार किती?”

“पगार न्हाय. मान हाय.”

“मग चल की.”

दोन प्लास्टिकच्या बुट्ट्या घेऊन ती कारखान्याच्या फाटकावर पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बाहेर जनावरं भरलेल्या सात-आठ गाड्या रांगेत होत्या. रखवालदारानं आत सोडलं नाही. आत पुरवठादाराला मनाई, स्वच्छतेचा नियम. वजन होताना बघता येत नाही, काटाही दिसत नाही.

“हितंबी टॉवेलच हाय की,” बाळाबाई पत्र्याच्या भिंतीकडं बघत म्हणाली. “नुसता मोठा हाय.” आणि ती फाटकाच्या मधोमध बुट्टी पालथी घालून तिच्यावर बसली. अमरसिंह गाडीतच टोपी डोळ्यांवर ओढून राहिला.

आदर्श आला. डोक्याला जाळी, पायांना निळ्या पिशव्या. “मावशी, काय प्रॉब्लेम आहे?”

“माजी धा मुंडकी, चाळीस पाय, धा कातडी आनि आतलं सगळं. घिऊन जायाला आलोय.”

“मावशी, तसं नसतं. कॅरकस बेसिस हा इंडस्ट्री स्टँडर्ड आहे.”

“त्यो कुठं बसतोय? त्येला भाईर बोलवा.”

रांगेतल्या गाड्यांमधून हसणं ऐकू आलं. दोन-तीन ड्रायव्हर खाली उतरले. बाळाबाईनं करारनामा उघडला आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. मग पदराखालून कंपनीचंच रंगीत पत्रक काढलं. त्यात पायांच्या सूपचं पाकीट होतं, शेजारी किंमत होती.

“हे पाय कुणाचं? तुमचं?”

आदर्शनं पुण्याला फोन लावला. पुण्यानं सांगितलं, वाद वाढवू नका, देऊन टाका, मिटवा. पंधरा मिनिटांत आतून दोन पांढऱ्या क्रेट आल्या. एकीत दहा मुंडकी, दुसरीत पाय. आदर्शनं कपाळ पुसलं. प्रकरण स्वस्तात मिटलं असं त्याला वाटलं, आणि दुसरी कुणी बाई असती तर मिटलंही असतं.

बाळाबाईनं एकेक मुंडकं उचलून कान बघितले. तिच्या प्रत्येक कोकराच्या डाव्या कानाला खाच असते, गुंडू तान्हेपणीच पाडतो. इथं एकालाही खाच नव्हती. तिची कोकरं काळीभोर, ही तांबूस नि पांढरी. तीन मुंडक्यांचे कान वीतभर लोंबत होते.

“पावणं,” ती उठून उभी राहिली, “ही तीन तर शेळ्या हायत.”

“मावशी, मुंडी ती मुंडी. संख्या बरोबर आहे ना?”

“संख्येला काय चाटायचंय? माजी मुंडकी कुठली ती तुमाला ठावं न्हाई, तर माजं मटान कुठलं ते कसं ठावं? हे अकरा किलो चारशे पस्तीस ग्रॅम कुणाचं वजन केलं? ह्या शेळीचं?”

कुणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपत होतं. रांगेतला एक शेळीवाला पुढं आला, क्रेटमध्ये वाकला, आणि एक मुंडकं वर उचलून ओरडला, “हे माझ्या पाटीचं हाय, तरण्या शेळीचं! कपाळावर चंद्र बगा! परवाच घातली. मला हिचं साडेसात किलोच लावलंय!” मग सगळेच ड्रायव्हर आणि मालक आपापले कागद काढून बसले. जे कधी एकमेकांशी बोलले नव्हते ते शव-वजन वाचून दाखवायला लागले. एकाच्या कागदावर बोकडापेक्षा त्याचं करडू जड भरलं होतं. तीन गाड्यांनी जनावरं न उतरवताच तोंड फिरवलं.

आदर्श बाळाबाईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “मावशी, मुंडी-पायांचे वेगळे पैसे तुम्हाला देतो. फक्त तुम्हाला. पण इथून जा.”

“मोठ्यानं सांगा की,” बाळाबाई म्हणाली, “ह्यांस्नीबी ऐकू जाऊ दे.”

त्यानं मोठ्यानं सांगितलं नाही. तिनं परक्याची मुंडकी क्रेटमध्येच ठेवली, रिकाम्या बुट्ट्या गाडीत टाकल्या आणि ती निघाली. पैसे अखेरपर्यंत आले नाहीत. कंपनीनं मात्र तातडीनं सुधारणा केली. पुढच्या करारनाम्यात ‘जनावराचे शव-वजन’च्या जागी ‘संपूर्ण जनावर’ आलं, दर तोच राहिला. अमरसिंहाला मोबाइलवर दोन ओळींचा निरोप आला की पन्हाळा (पूर्व) हे क्लस्टर बंद करण्यात येत आहे.

“माझं लगीन मोडलंस तू,” अमरसिंह म्हणाला.

“जमलं कुठं हुतं मोडायला?”

आठ दिवस मायलेकरं गुंडूमार्फत बोलत होती. गुंडू निरोप पोचवताना त्यातले कडू शब्द गाळायचा, त्यामुळं भांडण रंगत नव्हतं.

आता ती बाजारात गेल्यावर तिला ओवाळून घेतलं असेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं बाजार बघितलेला नाही. तिला आता कंपनीचा रस्ता बंद, हे मौलालीला बरोबर माहीत होतं. सोमवारी त्यानं तिला हसून चहा पाजला आणि सगळ्या व्यापाऱ्यांना एका आकड्यावर बांधून ठेवलं. बाळाबाई ओरडली, “एवढं आलंय, कोण जास्ती बोलतंय?” कुणी बोललं नाही. तिनं पुन्हा विचारलं. एका खाटकानं आभाळाकडं बघितलं, दुसऱ्यानं चपलेचा अंगठा नीट केला. तीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज नुसताच बाजारभर फिरून परत आला. दुपारपर्यंत ती उन्हात उभी राहिली आणि बाराच्या बारा कोकरं टेम्पोत घालून घरी घेऊन आली. जाता-येता भाडं गेलं, कोकरं सुकली. कोकरं परत आलेली बघून आनंद झाला तो एकट्या गुंडूला.

“चहात काय घातलंतं?” पुढच्या सोमवारी तिनं मौलालीला सगळ्यांसमोर विचारलं.

“वैनी, धंदा हाय. तुमी कंपनीला दिलं तवा मी काय म्हनलो? बाजार सोडू नका म्हनलो न्हवं?”

त्या दिवशीही बाजार बांधलेलाच होता. पण बेळगावकडचा एक नवा व्यापारी आला होता आणि त्याला हे ठरलेलं कुणी सांगितलं नव्हतं. बाळाबाईनं आकडा ओरडला, त्यानं भाबडेपणानं पन्नास वाढवले. मौलाली गुडघ्याचं दुखणं विसरून त्याच्याकडं पळाला, पण तोवर ईर्ष्येनं दुसरा बोलला होता, मग तिसरा. कोकरं खपली. भाव बरा आला, फार नाही. मौलालीनं दोन्हीकडून दलाली घेतली.

फाटकावरचं ते चित्रण जिल्हाभर फिरत राहिलं. एके दिवशी बिद्रीकडचे तेच पाहुणे आपणहून आले. मुलीच्या बापाची सहा बोकडं कंपनीला गेली होती आणि मुंडक्यांचा हिशोब कसा मागायचा हे विचारायला तो आला होता. मुंडक्यांवरून बोलणं निघालं ते दुसऱ्या चहाला लग्नावर आलं. मुलगी तेजस्वी, दूध डेअरीत फॅट तपासायच्या कामाला. तिनं अमरसिंहाला फारसं काही विचारलं नाही. बाळाबाईला मात्र विचारलं, “मेंढरं किती? वर्साला कोकरं किती येत्यात? मरत्यात किती?” बाळाबाईला राग आला. स्वतःच्या घरात इतके नेमके प्रश्न विचारायचा हक्क आजवर तिचा एकटीचा होता.

लग्न झालं. दोन महिन्यांनी कोकरं विकायची वेळ आली तेव्हा तेजस्वीनं कंपनीचा नवा करारनामा मागवून घेतला आणि निळ्या पेनानं त्यावर खुणा केल्या.

“आत्ती, बाजारानं तुमाला एकदा बांधलं, परत बांधतील,” ती म्हणाली. “निम्मी हिकडं, निम्मी तिकडं ठेवू. मुंडी-पायाचा दर येगळा लिवून घेऊ आनि वजनाला आपला माणूस आत. न्हाय म्हणाले तर न्हाय.”

“त्ये आत घेतील व्हय?”

“तुमाला न्हाय घेणार. मला घेतील. मी फॅट तपासतो, मला काटा कळतोय.”

एवढ्या वर्षांत बाळाबाईच्या घरात तिच्याहून मोठ्या आवाजात कुणी बोललं नव्हतं, आणि ही तर मोठ्यानं बोलतही नव्हती.

“कंपनीला निम्मी न्हाय,” बाळाबाई म्हणाली, “चार.”

“आठ,” तेजस्वी म्हणाली.

गोठ्यात गुंडू एका तान्ह्या कोकराचा डावा कान दोन बोटांत धरून बसला होता. आतली घासाघीस सहावर येऊन अडली तेव्हा तो उठला आणि मेंढरं घेऊन माळाला गेला.